पाचव्या पट्टीतला चोक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या घरातला मी पहिला बी.ई., तेही इलेक्ट्रिकल... दिवा लुकलुकला की मला भूत नाही, लूज वायर आठवते.

गेल्या वर्षी पालममधल्या एका अभ्यासिकेचं काम घेतलं. बारा ट्यूबलाइट काढून डिमरवर कमी-जास्त होणाऱ्या एलईडी ट्यूब बसवायच्या. ट्यूब बसते त्या पट्ट्या जुन्याच, फक्त आतला चोक, म्हणजे जुनी ट्यूब पेटवणारा जड ठोकळा, काढून वायर थेट जोडायची. चोक काढायचं काम तिथल्या जुन्या वायरमननं, गणपतकाकांनी केलं. एकेक चोक निघाला की पट्टीत आतून खडूची फुली मारायची, ही त्यांची पद्धत.

उद्घाटनाला अभ्यासिकेच्या सचिवांनी डिमर फिरवला आणि अख्खा हॉल फडफडायला लागला. मला लगेच कळलं – डिम न होणाऱ्या ट्यूब मीच चुकून मागवल्या होत्या. पण समोर एवढी माणसं... मी म्हणालो, "काकांनी चोक आतच ठेवले असतील."

"बारा के बारा काढलेत, सायेब. खोलून बघा की."

"काका, वय झालं आता तुमचं," सचिव हसले. कुणीच खोलून बघितलं नाही. काकांचं काम गेलं. आठवड्यानं मी गुपचूप ट्यूब बदलल्या, आणि इंजिनियरनं निस्तरलं म्हणून माझंच कौतुक झालं.

महिन्याभरानं दुपारी अभ्यासिकेत सहज गेलो, तर दारापासून पाचव्या पट्टीतून घूं... जुना चोक करतो तसा आवाज. एलईडीही कधी गुणगुणते, म्हणून मेन स्विच पाडला. दिवे गेले. आवाज चालूच. पट्टी खोलली – चोक नाही, फक्त काकांची पांढरी फुली. खाली वाचत बसलेल्या मुलीला विचारलं.

"कसला आवाज, सर?"

दुसऱ्या दिवशी पोखर्णीला काकांच्या घरी गेलो. ते ओट्यावर टेबलफॅन खोलून बसले होते. ट्यूबचं सगळं खरं सांगितलं.

"म्हाईत होतं मला," काका मान वर न करता म्हणाले. मग म्हणाले, "पाचवीतून आवाज यायलाय ना?"

आवाजाचं तर मी बोललोच नव्हतो.

"ती खोलताना शिडी तुमीच धरली होती, सायेब. चोक तुमच्याच हातात दिला होता."

दिला होता. मला आठवत होतं... त्या दिवशी हॉलमध्येही आठवत होतं.

सचिवांनाही सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, आता नवा माणूस घेतलाय."

काकांना कसं कळलं, आवाज कशाचा, मला अजून उलगडलेलं नाही. गेल्या सोमवारी परत गेलो. पाचवी गुणगुणतच होती. थोडा वेळ तिच्याखाली शिडी धरून उभा राहिलो.