दोनशे नव्वद तास

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. मूत्रपिंडाच्या तुकड्याचे पातळ काप मी काढायचे, त्यावर रंग चढवून काका अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्याला पाऱ्याचा दिवा. रोग असला की त्या उजेडात काप हिरवा चमकतो. दिवा दोनशे तासांनी बदलायचा; पुढेही तो जळतो, पण उजेड बसत जातो. नवा यायला महिने लागत, म्हणून काका जुनाच ताणायचे. "अजून जीव आहे त्याच्यात!" तापलेला दिवा विझला की लगेच परत लागत नाही, म्हणून जेवायच्या सुट्टीतही चालूच.

"बायकोपेक्षा त्याचीच काळजी जास्त," मी चिडवायचे.

"बायको दोनशे तासांत थकत नाही, ताई."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासायला आला. काकांनीच पाहिला. चमक नाही, असा फोटो डॉक्टरांकडे गेला. औषधं साधीच चालली आणि पाच महिन्यांत दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसला. मेहुण्यांनी एकदा विचारलं, "तुमच्या नजरेतून काही सुटलं नाही ना?"

"काही नव्हतंच त्यात," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

यंदा नवा दिवा घ्यायचा ठरला. पाऱ्याचाच की एलईडी? लॅबच्या मॅडमनी ते काकांवर सोपवलं. कंपनीच्या माणसानं शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर एलईडी आठवडाभर लावून दिला.

काका माझ्याकडे आले. "फ्रीझरमध्ये तिचा तुकडा उरलाय. दोन काप द्याल?"

"कशाला उकरून काढता, काका?"

"दिवा निवडायचाय ना."

काप काढताना माझ्या मनात देवाचं नाव चालू होतं. काही निघू देऊ नकोस, एवढंच मागत होते.

काकांनी आधी दिव्याच्या तासांची जुनी वही काढली. बहिणीच्या तपासणीदिवशी दिव्याचे दोनशे नव्वद तास झाले होते. आजच्या दिव्याचेही जवळपास तेवढेच. दोन्ही काप रंगवून पहिला त्याखाली ठेवला. नुसतं करडं. दुसरा एलईडीखाली ठेवून बटण दाबलं, आणि हिरवे बारीक दाणे कडेकडेनं लखलखले. मलासुद्धा दिसले.

"दिवा जुना होता, काका."

"दिवा मीच ठेवला होता."

त्यांनी फॉर्मवर एलईडी लिहिलं, सही केली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मला त्यांना एकटं सोडवेना, मीही गेले.

दवाखान्यात बहीण डायलिसिसच्या मशीनला होती. काकांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे दिसलं असतं, दादा?"

"हो."

नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे तिनं पाहिलं. मग म्हणाली, "यांना सांगू नकोस. ते तुझं तोंड बघायचे नाहीत, आणि मला माहेरचं कोण आहे तुझ्याशिवाय?"

तिची चादर नीट करून काका बाहेर आले. बाकावर मेहुणे पेपर वाचत बसले होते. काका त्यांच्या शेजारी टेकले.

"पेपर जरा बाजूला ठेवता का?" म्हणाले.

मी जिन्याकडे वळले.