शिट्टीनंतरचे दोन सेकंद

कंपनीत माझी एका गोष्टीवरून नेहमी थट्टा होते. मॅच बघताना डाव संपल्याची शिट्टी वाजली तरी मी व्हिडिओ थांबवत नाही.

कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी कोण व्यावसायिक संघात टिकेल, याचे रिपोर्ट आमची छोटीशी कंपनी संघांना विकते. मी टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरात, माझ्या अपार्टमेंटमध्ये बसून ते लिहिते. माझ्या वाट्याला डिफेन्सिव्ह लाइनमन येतात, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत उभे राहून समोरच्याला रेटणारे धिप्पाड गडी. या खेळाचं वेड नवऱ्याने लावलं. रविवारी सोफ्यावर बसून तो म्हणायचा, "बॉलकडे काय बघतेस? बॉल सगळेच बघतात. खाली कोण पडलंय ते बघ." त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून खाली कोण पडलंय तेच बघते.

या हिवाळ्यात माझ्याकडे एक बावीस वर्षांचा खेळाडू आला. लहान कॉलेजातला, फारसा कुणाला माहीत नसलेला. त्याच्या दहा मॅचचे व्हिडिओ होते. एकेक डाव, म्हणजे काही सेकंदांची झटापट, मी चार-पाच वेळा बघितला. पहिलं पाऊल किती झटकन पडतं, हात कुठे लागतात, कंबर किती खाली जाते. बहुतेक वेळा त्याच्यावर दोघेजण तुटून पडायचे. तो जागचा हलायचा नाही. दोघं त्याच्यात अडकल्यामुळे मागचा कुणीतरी मोकळा सुटायचा, बॉलवाल्याला पाडायचा, आणि टाळ्या त्या पाडणाऱ्याला मिळायच्या.

आमच्या व्हिडिओत प्रत्येक डाव शिट्टीनंतर दोन सेकंदांनी कापलेला असतो. त्या दोन सेकंदांत बाकीचे सगळे पाडणाऱ्याभोवती नाचायचे. हा एकटाच उठायचा, गुडघा झटकायचा आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. दहाही मॅचमध्ये तेच.

मी रिपोर्टच्या 'स्वभाव' या रकान्यात लिहिलं: एकलकोंडा आहे, संघात मिसळत नाही.

बॉसला तेच वाक्य सगळ्यात आवडलं. "ताकद काय, सगळ्यांनाच दिसते," तो म्हणाला. "हे कुणाला दिसलं नव्हतं. या एका वाक्यावर दोन-तीन संघ त्याचं नाव यादीतून काढतील. फक्त त्याच्या कोचशी बोलून खात्री करून घे, मग पाठवू."

दोन दिवस मी स्वतःवर खूश होते. खरं सांगायचं तर कौतुकाची इतकी सवय सुटली होती की बॉसचं ते बोलणं मी भांडी घासतानाही मनात घोळवत होते. सांगायला घरात कुणी नव्हतं. मुलगी दुसऱ्या राज्यात शिकते. मी मराठीत लांबलचक मेसेज केला, तिने "नाइस, आई" एवढंच उत्तर पाठवलं.

कोचला फोन लावला. माझं वाक्य ऐकून तो चक्क चिडला.

"मिसळत नाही? मॅडम, शिट्टी वाजली की नाचायचं नाही, माझ्याकडे बघायचं, असं त्याला मीच सांगितलंय. पुढच्या डावाची खूण तो घेतो आणि लाइनमधल्या बाकीच्या तिघांना जाऊन सांगतो. तुमचा व्हिडिओ तोपर्यंत संपलेला असतो."

मी टीव्हीवरचं न कापलेलं रेकॉर्डिंग शोधून काढलं. तिसरा सेकंद, चौथा, पाचवा. तो तिघांकडे जात होता, प्रत्येकाच्या हेल्मेटला डोकं टेकवून काहीतरी सांगत होता. एकाने हसून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण 'मिसळत नाही' हे शब्द माझे नव्हतेच. ते माझ्याबद्दल बोलले गेले होते. दोन सिग्नल पलीकडे एक रिटायर्ड डॉक्टर काकू राहतात. दर शनिवारी त्यांच्याकडे आपली मंडळी जमतात. नवरा गेल्यावर काकू दर शनिवारी फोन करायच्या आणि मी दर शनिवारी "काम आहे हो" सांगायचे. काम नसायचं. जोडप्याजोडप्यांत एकटीने बसायची भीती वाटायची. मग एकदा इंडियन स्टोअरमध्ये तांदळाच्या पोत्यांपलीकडून मला ऐकू आलं, "ती ना, आता कुणात मिसळतच नाही." मी सामान तिथेच टाकून, तणतणत घरी आले. पुढे फोन यायचे बंद झाले. आणि ज्या शब्दांनी मी इतकी दुखावले होते, तेच मी एका अनोळखी पोराच्या कपाळी चिकटवायला निघाले होते.

मी ते वाक्य खोडलं. बॉस कुरकुरला, "मग आता रिपोर्टमध्ये नवीन काय राहिलं?" मी लिहिलं: दोघांचा भार एकटा घेतो, आणि शिट्टीनंतर तिघांना सांभाळतो. रिपोर्ट तसाच गेला.

एप्रिलमध्ये संघांनी खेळाडू निवडले. तीन दिवस चालतं ते. पहिल्या दोन दिवसांत त्याचं नाव आलं नाही. तिसरा दिवस शनिवार होता. सकाळपासून मी टीव्हीसमोर बसून होते, दुपारचं जेवणही राहिलं. अगदी शेवटच्या फेरीत त्याचं नाव आलं. मी टाळी वाजवली, आणि रिकाम्या घरात तो आवाज मलाच कसातरी वाटला.

पडद्यावर त्याचं घर दाखवलं. एवढीशी खोली, पण तिच्यात वीसेक माणसं. आई, काका, मावश्या, चुलतभावंडं, सगळी ओरडत त्याच्या अंगावर कोसळली. एवढा मोठा गडी, पण त्या घोळक्यात तो दिसेनासा झाला. ज्याला मी एकलकोंडा ठरवलं होतं, त्याच्या सोफ्यावर बसायला जागा नव्हती. माझ्या सोफ्यावर आणखी दोन माणसांची जागा रिकामी होती.

मी काकूंना फोन लावला.

"काकू, आज येऊ का?"

"अगं, ये ना!" त्या म्हणाल्या, आणि मग जरा चाचरत, "आम्हीच फोन करायचं बंद केलं गं. तू नेहमी काम आहे म्हणायचीस. म्हटलं, तुला एकटीला राहायलाच आवडत असेल."

"नाही हो काकू," मी म्हणाले. "मुळीच नाही आवडत."