मोडीत लिहिलेला कागद

शाळेच्या वक्तृत्व सभेत मॅट्रिकच्या एका मुलाने सरकारविरुद्ध भाषण केलं, म्हणून हेडमास्तरांनी त्याचं नाव पटावरून काढलं. मला त्याचं निम्मं भाषण पटलं नव्हतं. विलायती कापड जाळायला माझा विरोध होता आणि त्याच सभेत उठून मी तसं सांगणार होते. माझी पाळी यायच्या आधीच सभा बंद केली. त्याचा मला भयंकर राग आला. बोलू द्यायचं नसेल तर सभा भरवता कशाला?

मुलांनी हरताळ करायचं ठरवलं, पण दारावर कागद लिहून लावायला एकही बहाद्दर पुढे येईना. प्रत्येकाचं अक्षर मास्तरांना पाठ होतं. शेवटी मी म्हटलं, मी लिहिते. वर्गात आम्ही दोनच मुली, आणि मुलीला मोडी येत असेल अशी शंकाही कुणाला आली नसती. मला ती वडिलांनी हौसेने शिकवली होती. ते सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ओटीवर बसून ते कित्ता घालून द्यायचे आणि मी गिरवायची. शाळेत माझं बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर सगळ्यांना ठाऊक, मोडी कुणी पाहिलीच नव्हती. केवढी अक्कल चालवली म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. आधी कागदभर आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली अक्षरं भरली: बोलला म्हणून ज्याला काढलं, त्याच्यासाठी आज वर्गात बसू नका.

हरताळ झाला. अक्षर एकाही मुलाचं नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी कागद कचेरीत पाठवला. तिथे ते अक्षर ओळखायला कुणाला दोन क्षणही लागले नाहीत. गिरवून गिरवून माझं वळण हुबेहूब वडिलांसारखं झालं होतं, आणि ही गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यात आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा धावत आला. त्याचे काका कचेरीत होते. "तुझ्या बाबांना साहेबासमोर उभं केलंय," तो म्हणाला. वडिलांच्या नोकरीवर आमचं सगळं घर चालत होतं.

मी तशीच हेडमास्तरांच्या खोलीत गेले. "सर, तो कागद मी लिहिलाय."

त्यांनी टाक आणि कोरा कागद पुढे सरकवला. "लिही."

माझा हात इतका कापत होता की रेघच वाकडी गेली. शाईचा डाग पडला. अक्षरं एकमेकांवर चढली. मी पुन्हा लिहिलं, ते आणखी वाईट आलं. त्यांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि मायेने म्हणाले, "बापाला वाचवायला आलीस. गुणी आहेस. जा वर्गात."

"नाही सर, मीच," मी म्हटलं, पण ते पुढचे कागद चाळू लागले होते.

संध्याकाळी वडील आले, पाय धुतले, ओटीवर बसले. मी रडत सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे मला. कागद पुढ्यात आला तेव्हाच ओळखलं. साहेब म्हणाला, कोणाचं अक्षर? म्हटलं, माझं."

"पण बाबा, तुम्हाला तर हरताळ मुळीच पटत नाही!"

"नाहीच पटत. साफ चुकलंस तू."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"मला भय वाटलं गो," ते म्हणाले. "तुझं नाव घेतलं असतं तर तुझीही शाळा सुटली असती."

त्यांची नोकरी गेली. पुढे ते मांडवी बंदरावर बसून खलाशांची घरी धाडायची पत्रं लिहून देत. महिन्याभराने वक्तृत्व सभा पुन्हा भरू लागली. दर शनिवारी मी मनात वाक्यं जुळवून जायची, आणि पाळी आली की मला तो वाकडा कागद दिसायचा.

घरी वडील वाट पाहत असायचे. "बोललीस का गो आज?"

मी "हो" म्हणायची. मॅट्रिक होईपर्यंत मी एकदाही उठले नाही.