बकरीने खाल्लेली अळी

भाद्रपदात, सकाळच्या एसटीने वाशीमहून अनसिंगला निघालो. पिशवीत सुमनची वही होती. सुमन माझी बायको. शाळेत जीवशास्त्र शिकवायची, माघात गेली. जाड अंगाच्या, अरुंद पंखांच्या, फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने मध पिणाऱ्या पतंगांचं एक कुळ तिला फार आवडायचं. त्यांची आणि त्यांच्या अळ्यांची चित्रं, नोंदी वहीत होत्या. मुगावरची अळी तेवढी काढायची राहिली होती. ती तिनं लहानपणी अनसिंगला पाहिली होती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. स्टँडवर सुमनची वर्गमैत्रीण शीला न्यायला आली होती.

"जयभीम, भाऊजी. वाळले तुमी. घरी सैंपाक करता का नुसतं वाचता?"

घरी ज्वारीची भाकर आणि बरबटीची (चवळीच्या शेंगांची) भाजी वाढली. मग तिनं शेतातून आणलेला मुगाचा वेल पुढे ठेवला. त्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी होती. कुशीला तिरपे पट्टे, शेपटीवर वाकडं शिंग. मी वेल अंगणात ठेवला आणि पेन्सिल शोधायला पिशवीत वाकलो. मान वर केली तेव्हा बकरी वेल चघळत होती. अळी दिसेना.

"अळी गेली का पोटात?" शीलाच्या सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"गेली, आजी."

"शिंगाची अळी होय ते, जवाईबापू. बकरी फुगून मरते."

बकरी गाभण होती, आठवड्यावर आलेली. शीलाच्या नातीला गायीचं दूध पचत नव्हतं. सगळे हिच्या दुधाची वाट पाहत होते. मी घाईघाईनं वही उघडली आणि वाचून दाखवलं: शिंग मऊ असतं, डंख नाही, विष नाही.

"वहीत बकरीचं लिहेल हाये का?" आजी म्हणाल्या.

नव्हतं. शीलानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी घाबरू नका म्हटलं. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, रवंथ केलं की काळजी नाही.

मी बकरीसमोर बसलो. दर थोड्या वेळानं पोट बघायचो.

"गाभणीचं पोट मोठं नाही तं काय सपाट राहीन?" शीला म्हणाली. "काहून पाहून राह्यले सारखे? तीच भेईन तुमाले."

तीन वाजले, चार वाजले. बकरी नुसती उभी होती. चहा निवून गेला. उन्हं उतरल्यावर कुंपणातली गुलबक्षी उमलली आणि एक करडा, जाडसर पतंग फुलांसमोर येऊन थांबला. त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नाही. कारण तेवढ्यात बकरी खाली बसली, आणि तिचा जबडा सावकाश हलू लागला.

आजी उठून आल्या. तिच्या कुशीवर हात ठेवून थोडा वेळ थांबल्या.

"रवंथ करून राह्यली. काही झालं नाही तिले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता लिवा तुमच्या वहीत."

शीला पदरानं तोंड झाकून हसत होती. डोळेही पुसत होती.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सुमनच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर मी कितीतरी संध्याकाळी बसलो होतो. दार उघडायचं, आणि काय सांगणार आहेत ते चेहऱ्यांवरूनच कळायचं. आज तसाच बसलो होतो, आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, काही झालं नाही. एवढं साधं वाक्य ऐकायला मी किती आसुसलो होतो, ते वाशीम येईपर्यंत माझ्या ध्यानात येत राहिलं.