दुखानच्या खिंडीत एक नारळ

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीने दुखानला बदलीची ऑफर दिली. कतारच्या पार पश्चिम टोकाला, तेलवाल्यांच्या वसाहतीत; तिथेच राहायची अट. उत्तर रविवारपर्यंत हवं. मी गेले नाही तर तो तिकडे एकटा राहणार आणि वीकेंडला पाहुण्यासारखा घरी येणार. गेले तर दोह्यातली माझी नोकरी खलास, कारण मला गाडी चालवता येत नाही. "आधी बघून तर घे," म्हणाला. म्हणून शुक्रवारी सकाळी दोह्यातल्या अल अझीझियाहून, आमच्या घरून, मोहीम निघाली.

कोणाला जायचंच असेल तर सांगते: ऐंशीएक किलोमीटर, तासाभराचा गुळगुळीत रस्ता. वाटेत शहानियाला कडक चहा आणि चपाती रोल घ्या, दोघांचं दहा-बारा रियालात भागतं. पुढे डावीकडे वाळू बघायला मिळते. कंटाळा आला की उजवीकडे बघा, तिथेही आहे.

दुखानच्या अलीकडे दोन चुनखडीच्या टेकड्यांमधून रस्ता जातो. नितीन मूळचा वाईचा. त्याने गाडी बाजूला घेतली. "खिंड आली!"

"अरे, पसरणी घाटातला गतिरोधक याच्यापेक्षा उंच असेल."

पण ऐकेल तर शपथ. नव्या मुलखात शिरताना घाटात नारळ फोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. पिशवीत नारळ घेऊनच आला होता पठ्ठ्या! भक्तिभावाने दगडावर आपटला. दगड फुटला. दुसऱ्यावर आपटला, तोही फुटला. तिसऱ्याचा भुगा होईपर्यंत मी हसून हसून खाली बसले होते.

तेवढ्यात पाण्याचा एक टँकर थांबला. "कुठलं गाव, पाव्हणं?" ड्रायव्हरने थेट मराठीत विचारलं. "नारळ दिसला, म्हणून थांबलो."

हे संभाजीराव, विट्याजवळचे, नऊ वर्षं दुखानात. लोखंडी पान्याच्या एका दणक्यात त्यांनी नारळ फोडला. खोबरं खाता खाता नितीनने आमचं रडगाणं सांगितलं, तर त्यांनी लगेच गावी व्हिडिओ कॉल लावला. "वहिनी, आमच्या मंडळींशी दोन शब्द बोला. मराठी बाईमाणूस इथं भेटत न्हाई."

"ताई, ह्यांची खोली बघितली का तुम्ही?" पलीकडून त्यांच्या पत्नीने विचारलं. "इचारलं की नुसतं 'झ्याक हाय' म्हणत्यात. खिडकी तरी हाय का तिला?"

संभाजीराव उगाच टायर तपासायला गेले.

"पुढच्या वर्षी घेऊन जातो म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "दरसाल म्हणत्यात." मला रडूच आलं, नारळ खाताना.

वसाहत पाहिली. एकसारखी घरं, चकाचक रस्ते, समुद्र सुरेख; किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक मांजर. क्वार्टर दोन खोल्यांचं, बागेत एक वाळलेलं लिंबाचं झाड. नितीन प्रत्येक नळ सोडून दाखवत होता, जणू मी जन्मात नळ पाहिला नव्हता.

घरी परतल्यावर तो हळूच म्हणाला, "तुझी नोकरी नको सोडूस. मी जातो एकटा. वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

रविवारी मी राजीनामा पाठवला. दुखान आवडलं का, असं मला विचारू नका. अजिबात आवडलं नाही. पुढच्या महिन्यात सामान हलवतोय.