वहीतला शेवटचा प्रश्न
माळ्यावरून जुनी वही निघाली, अजून ग्रीसचा वास येतो तिला. खडकीला कारखान्यात लेथ मशीनवर होतो तेव्हा सुपरवायझरची परीक्षा इंग्रजीतून असायची, म्हणून चौथी शिकलेला मी शिकवणीला बसलो. अडलेली वाक्यं वहीत उतरवायचो आणि संध्याकाळी मास्तरांना विचारायचो. एकदा विचारलं, "हे वाक्य बरोबर आहे, पण साहेब लोक असंच बोलतात का?" मास्तर म्हणाले, "अहो, आपल्याला बोलायचंय कोणाशी? लेथशीच ना?" सगळे हसले. मी वही मिटून उठलो, तो शिकवणीला पुन्हा गेलो नाही आणि परीक्षेलाही बसलो नाही. सगळ्यात मोठ्यानं हसला तो पास होऊन आमच्याच खात्यात सुपरवायझर झाला. निवृत्त होईपर्यंत रोज त्याला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणालो. नात विचारते, "आजोबा, तुम्हाला इंग्रजी येतं?" येतं की, तेवढंच.