हत्तीची नखं

गुणाबाईनं उभ्या आयुष्यात एकदाच हत्ती पाहिला, आणि तोही गुडघ्यापर्यंतच.

सांबऱ्याला, माहेरी, ती परकरी पोर असताना बैराग्यांचा हत्ती दारात आला होता. सगळी आळी अंगणात लोटली आणि ही घाबरून दाराआड दडली. दाराची खालची फळी निखळली होती. त्या फटीतून तिला राखाडी खांब दिसले आणि खांबांच्या बुडाशी, ओळीनं बसवल्यासारखी, मोठमोठी पिवळट नखं. सोंड, कान, पाठ हे सगळं नंतर इतरांनी सांगितलं. त्याच वर्षी हादग्याला तिनं कोळशानं भिंतीवर पहिला हत्ती काढला. कान सुपासारखे झाले, सोंड विहिरीवरच्या मोटेवरून उचलली. नखं मात्र अशी उतरली, की बघणाऱ्यानं वाकून बघत राहावं.

लग्न होऊन ती निपाणीला आली. नवरा मारुतीराव तंबाखूच्या वखारीत तोलार. घरात, कपड्यांत, अंथरुणात तंबाखूचा वास. कारभार सगळा सासूचा, रुक्माबाईचा. पण सोप्यातली एक भिंत हळूहळू गुणाबाईची झाली. हस्त नक्षत्र लागायच्या सुमाराला ती भिंत पांढऱ्या मातीनं सारवायची आणि निळीच्या रंगात हादग्याचे दोन हत्ती काढायची, समोरासमोर, सोंडेत माळा घेतलेले. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी त्यांच्यापुढं फेर धरायच्या, गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या.

उरलेला रंग तिनं कधी टाकला नाही. शिंदीच्या काड्यांची टोकं ठेचून ती पोरींना कुंचले करून द्यायची. मग बाहेरच्या कट्ट्यावर पोपट, मोर, उंदीर यांची जत्रा भरायची आणि पोरींची नाकं निळी व्हायची. त्या दिवसांत गुणाबाई हसली की परसापर्यंत ऐकू जायचं.

"काकू, आम्हांला नखं शिकवा की," पोरी मागं लागायच्या.

"नखं माझी," ती म्हणायची. "बाकी समदा हत्ती तुमचा."

मूल झालं नाही. पस्तीस सालच्या वैशाखात मारुतीरावानं चिकोडीकडची नागू दुसरी बायको म्हणून करून आणली. नव्या नवरीला ओवाळायचं ताट गुणाबाईनंच लावलं. आता रडू येईल, असं तिला वाटलं होतं. आलं नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं, तेवढं कळलं. पुढं कोठीच्या किल्ल्या सासूनं नागूच्या कमरेला अडकवल्या. गुणाबाईचं अंथरूण माजघरात आलं. जेवायला बसायचा तिचा पाट दुसरीकडं गेला. दर वेळी तिनं आत डोकावून बघितलं, दुखतंय का म्हणून, मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढून बघावं तसं. काही नव्हतं.

नागू ठेंगणी, बारीक, घरात कानडी बोलत वाढलेली. ती गुणाबाईला आक्का म्हणायची आणि तिच्याआधी जेवायची नाही. गुणाबाई कामापुरतं बोलायची. रागानं नव्हे, बोलायला काही सुचतच नसे.

भाद्रपद सरत आला तेव्हा रुक्माबाई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "औंदा हत्ती नागू काढंल."

गुणाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पोरीबाळींचा सण हाय, नवा हात लागू दे. तुझ्या हातानं इतकी वर्सं काढलं, काय निपजलं? शिकीव तिला."

मारुतीराव पानाला चुना लावत म्हणाला, "बाजारात छापील मिळतंय की आता. आणून डकवा. कशाला हे रंगाचं लचांड?"

"तू गप पान खा," त्याची आई म्हणाली.

"बरं," गुणाबाई म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

तिनं शिकवलं. भिंत कशी सारवायची, पाठीची रेघ एका दमात कशी ओढायची, माळेला हळद किती आणि काव किती, सगळं दाखवलं. एक गोष्ट सोडून. रंगात बाभळीचा डिंक विरघळवून घालावा लागतो, नाहीतर वाळल्यावर रंगाची भुकटी होते. हे गल्लीतल्या पोरींना ठाऊक नव्हतं. कट्ट्यावरची त्यांची चित्रं एका सरीत धुऊन जायची, म्हणून कुणी कधी विचारलंही नव्हतं. डिंकाची वाटी वरच्या कोनाड्यात होती. गुणाबाईनं कोनाड्याकडं एकदा बघितलं आणि नुसत्या पाण्यात कालवलेली नीळ नागूच्या पुढं सरकवली.

नागू दातांत जीभ धरून काढत होती. शेजारची भावकू दारात उभी राहून बघत होती. ही पोर म्हणजे गल्लीचं तोंड.

"आक्का, आनीला शेपूट केवढं?" नागूनं विचारलं. घाईत कानडी शब्दच तोंडात आला.

"आनी कसली नि हत्ती कसला गं वयनी!" भावकू म्हणाली. "म्हस हाय ती. सोंड लावलीया नुसती."

सगळ्यांत जास्त नागूच हसली. "आमच्या घरची म्हसच हाय. हत्ती कुठं बघितलाय मी?"

गुणाबाईला सांबऱ्याचं दार आठवलं. 

"आक्का, नखं?"

"ऱ्हाऊ देत," गुणाबाई म्हणाली.

तसे ते बिननखांचे हत्ती भिंतीवर उभे राहिले. पोरींनी काकड्यांच्या, झेंडूच्या माळा त्यांच्यावर सोडल्या. हवा दमट होती, माळा भिंतीला घासत होत्या. थोड्याच दिवसांत खाली निळा भुगा पडू लागला. एका संध्याकाळी फेर धरता धरता भावकूची पाठ भिंतीला टेकली आणि हत्तीची अर्धी पाठ तिच्या पोलक्यावर आली.

"हत्तीला खरूज झाली गं!" पोरी खिदळल्या.

रुक्माबाई आतून आली. तिनं भिंत बघितली आणि मग नागूला. "हात तरी बघा हिचा. हत्ती धड न्हाय, पोट धड न्हाय. येऊन पाच म्हैनं झालं, नुसती खातीया. ते काय न्हाय. उद्या मारुती छापील आणंल, तेच लावायचं. दर साल तेच."

गुणाबाई उंबऱ्यात उभी होती. हेच शब्द, याच सुरात, तिनं कितीतरी वर्षं ऐकले होते. आज ते दुसरीवर पडत होते. याचसाठी तर तिनं डिंक दिला नव्हता. आता काहीतरी वाटेल म्हणून ती थांबून राहिली. थोडा आनंद, निदान थोडी लाज. काही वाटलं नाही. नागू मान खाली घालून भुगा केरसुणीनं गोळा करत होती आणि हत्तीचे पाय नखांवाचून बोडके दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाई सोप्यात आली, तर नागू ओल्या फडक्यानं भिंत पुसत होती.

"हे काय करतीस?"

"परत काढायला पायजे आक्का. सांजच्याला कागुद आला की तुमची भिंत गेली."

'तुमची' म्हणाली ती. 

"परत भुगाच हुईल," गुणाबाई म्हणाली.

नागूनं मागं वळून बघितलं नाही. "वर कोनाड्यात डिंक हाय. पाटावर चढून दिवा ठेवताना बघितलाय मी. माझा बा बैलगाड्या रंगवतोय आक्का. डिंकाचं मला ठावं हाय."

"मग घेतला का न्हाईस?"

"तुमी दिला न्हाई."

फडकं भिंतीवरून फिरत राहिलं.

"ह्या घरात माझ्या हातात जे आलं, ते तुमच्या हातातनं काढूनच दिलं समद्यांनी," नागू म्हणाली. "मागितलं नव्हतं मी. हे तरी तुमी आपणहून द्याल म्हणून थांबले."

गुणाबाईनं वर हात करून वाटी काढली. चुलीवरून आधण आणून डिंकावर ओतलं आणि काडीनं ढवळत बसली. डिंक सावकाश विरघळला. तिनं तो निळीत गाळला आणि निम्मा रंग दुसऱ्या वाटीत ओतून नागूपुढं ठेवला.

डाव्या बाजूचा हत्ती तिनं धरला, उजव्या बाजूचा नागूनं. पाठीची रेघ ओढताना हाताला सगळं आठवत होतं. छाती रिकामीच होती. पण पोटाचं वळण घेऊन ती मागच्या पायाशी आली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतका वेळ आपण दुखतंय का ते बघायचंच विसरलो.

पाय झाले. नागूनं कुंचला खाली ठेवला आणि ती बाजूला झाली.

"उठतीस कुठं?" गुणाबाई म्हणाली. "नखं कोण काढंल?"

"ती तुमची."

"मांडी घाल. मान वाकीव. अजून खाली." तिनं नागूचं मनगट धरलं. "दार लावलंय, तू आत दडलीयास आणि खालच्या फटीतनं बघतीयास. तेवढंच दिसतंय तुला. वर काय हाय ते तुला ठावंच न्हाय. आता काढ."

संध्याकाळी मारुतीराव गुंडाळलेला कागद काखेत मारून आला. रुक्माबाई भिंतीपुढं उभी होती. तिनं हत्तीच्या पाठीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. निळा कणही लागला नव्हता.

"डकवायचा ना कागुद?" त्यानं विचारलं.

"डकीव तुझ्या वखारीत," म्हणत ती आत गेली.

पोरी आल्या. "ह्यातला काकूंचा कुठला, वयनीचा कुठला?" भावकूनं कमरेवर हात ठेवून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता, दर वर्षीच्या खुणेवर भरवसा ठेवून, नखं बघायला वाकली. एका हत्तीपुढं वाकली, मग दुसऱ्यापुढं. पुन्हा पहिल्याशी आली. बाकीच्या पोरीही गुडघ्यांवर बसल्या.

"काकू, सांगा की!"

"खिरापत वळखता न्हवं?" गुणाबाई आतून म्हणाली. "मग हेबी वळखा."

तिनं खिरापतीचं पातेलं नागूच्या हातात दिलं आणि डिंकाची वाटी धुऊन पुसली. ठेवायला हात सवयीनं वर गेला. मग तिनं तो खाली घेतला आणि वाटी चुलीशेजारच्या बुटक्या कोनाड्यात ठेवली, पाटावर न चढता नागूचा हात पोचेल अशी.